ही गोळी कोणत्या झाडाची

कळवणच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका उपकेंद्रात मी सात वर्षं नर्स होते. वाढले नाशिक शहरात, त्यामुळे झाडांपैकी मला तुळस आणि कढीपत्ता एवढीच ओळखू यायची.

रुजू झाले त्याच महिन्यात, पाड्यावर लसीकरणाला जाताना बांधावरून पाय घसरला आणि घोटा मुरगळला. जवळच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. सगळा पाडा तिला मावशी म्हणायचा. खोकला असो, खरूज असो, लोक आधी तिच्याकडे जायचे. माझ्या आधीच्या सिस्टरनं मला बजावलं होतं, "त्या बाईमुळे कुणी केंद्रात येत नाही." आणि आता मी तिच्याच ओट्यावर पाय पसरून बसले होते.

तिनं काही न विचारता निरगुडीचा पाला तव्यावर गरम केला आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीनं घोट्याला बांधला. थोड्या वेळानं ठणका कमी झाला.

"कुणाला सांगू नका हं मावशी," मी म्हणाले.

"मी कशाला सांगू? तू लंगडत जाशील ते दिसंलच की लोकांना."

बॅगेत मशीन होतं म्हणून मी तिचं बीपी तपासलं. आकडा बघून मीच घाबरले. डॉक्टरांना विचारून दुसऱ्याच दिवशी गोळ्या पोचवल्या. आठवड्यानं गेले तर पाकीट तसंच कुडाच्या भिंतीत खोचलेलं.

"ही कोनत्या झाडाची हाय?" तिनं विचारलं.

"झाडाची नाही, कारखान्यात बनते."

"कारखान्यात कशापास्नं?"

मी पाकीट उलटंपालटं करून बघितलं. ती म्हणाली, "ज्याचं मूळ ठावं नाय, ते मी तोंडात घालत नाय."

मला राग आला. पण उतार उतरताना वाटलं, ती चुकीचं काय विचारत होती? पुढच्या खेपेला मी सरळ सांगितलं, "मूळ मला माहीत नाही मावशी. पण ही कुणाला द्यायची, किती द्यायची आणि कुणाला अजिबात द्यायची नाही, ते माहीत आहे."

'कुणाला द्यायची नाही' हे ऐकून तिनं मान वर केली. "बरं. मी तुझी गोळी घेते. तू माझं रान बघाय ये."

मग सुट्टीच्या दिवशी आम्ही रानात जायचो. कुड्याच्या झाडाची साल काढताना ती एकाच बाजूनं, हातभर काढायची आणि उघड्या खोडाला ओली माती लिंपायची. "सगळीकडनं सोललं तर झाड मरंल. मग पुढच्या हगवणीला काय देशील?"

एकदा मी विचारलं, "कावीळ झालेल्याला तुम्ही औषध का देत नाही?"

तिनं कोयता खाली ठेवला. मग म्हणाली, "माझ्या भावाला झाल्ती. मीच पाला दिला. आज उतरंल, उद्या उतरंल म्हनत वाट बघितली. तालुक्याला नेला तवा उशीर झाल्ता." साल टोपलीत ठेवत तिनं पुढं म्हटलं, "मी वाट लय बघितली, बाई."

मी टोपली उचलून डोक्यावर घेतली.

त्या पावसाळ्यात ती स्वतः एका तरुण बाळंतिणीला हाताला धरून केंद्रात घेऊन आली. बाळंतिणीचे डोळे हळदीसारखे पिवळे. घरचे उद्यावर ढकलत होते. मावशी दारात उभी राहून त्यांना म्हणाली, "उद्या नाय. आत्ता." मी जीप मागवली आणि दोघी तिच्यासोबत कळवणच्या दवाखान्यात गेलो. महिन्यानं ती पोरगी बाळाला छातीशी धरून परत आली. तेव्हापासून पाड्यावरची माणसं माझ्याकडे येऊ लागली, आणि आली की पहिलं वाक्य एकच असायचं, "मावशीनं धाडलंय."

पुढं माझी दिंडोरीला बदली झाली. मागच्या वर्षी तिला भेटायला गेले. गुडघ्यांमुळे तिला आता चढण होत नाही. अडुळसा आणायला मी एकटीच गेले आणि ऐटीत पाला आणून तिच्यापुढं ठेवला. तिनं एक पान चुरगळून हुंगलं आणि सगळा पाला बकरीपुढं टाकला.

"सात वर्षं काय बघितलंस गं पोरी?" ती म्हणाली, आणि सुनेला चहा टाकायला सांगून मला पहिल्यापासून शिकवायला बसली.