ठोक्या आप्पा आणि गुलाबी तेल

ठोक्या आप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका टेम्पोला मारत होते. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा टेम्पोच्या मालकाला.

सुरतेत, डिंडोलीच्या नाक्यावर त्यांचं गॅरेज होतं. मूळ गाव खान्देशात. बुटका, रुंद माणूस, आणि हात असे की पाना कुठे संपतो आणि बोटं कुठे सुरू होतात ते कळू नये. समोर सगळे ‘आप्पा’ म्हणत, पाठीमागे ‘ठोक्या आप्पा’, आणि पाठीमागे म्हणजे निदान दोन गल्ल्या सोडून.

त्यांचा एकच नियम होता. आधी माणूस खोलायचा, मग बॉनेट.

“आवाज कधीपासून येतोय?”

“आज सकाळपासूनच, आप्पा.”

फाट!

“कधीपासून?”

“दिवाळीपासून, आप्पा.”

“हां. आता लाव गाडी आत.”

तुम्ही विचाराल, अशा माणसाकडे लोक जायचे कशाला? गाडी सुरू व्हायची म्हणून. शिवाय मार फुकट होता. शेजारचा पानवाला तर गिऱ्हाईक आलं की सुपारी कातरायची थांबवून दोन पावलं पुढे सरकायचा. नाटक चुकू नये म्हणून.

मी तेव्हा पलसाण्याच्या एका डाइंग मिलच्या शेठची गाडी चालवायचो. पांढरी, लांबलचक, परदेशातून आणलेली. तिला क्लचच नव्हता. गिअर आपले आपण पडायचे. हे मी डिंडोलीत सांगितलं की लोक मला थापाड्या म्हणायचे. आप्पा खात्री करायला आले, वाकून स्टिअरिंगखाली तिसरं पॅडल शोधलं, नाही सापडलं, आणि गाडीच्या टायरला लाथ घातली. “पायाला काम नाही तर ही गाडी का पाळणा?”

सुरतेच्या पाण्यानं रेडिएटर चोंदतो. उन्हाळ्यात ती गाडी तापायला लागली, तेव्हा शेठनं आप्पांनाच बोलावलं. आप्पांनी मिलमधलंच ॲसिड मागवलं आणि रेडिएटर आतून असा घासला की गाडी थंडगार पळू लागली. आयुष्यभर ट्रकांचे आणि टॅक्स्यांचे रेडिएटर त्यांनी असेच साफ केले होते.

महिन्याभरात रेडिएटरचं पाणी कमी व्हायला लागलं. खाली थेंब नाही, वर वाफ नाही, तरी रोज सकाळी पेलाभर गायब. मी रेडिएटरच्या बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीतून भरत राहिलो. आणि एका दुपारी कडोदऱ्याच्या चौकात मी ॲक्सिलरेटर दाबला, तर इंजिन वाघासारखं ओरडलं आणि गाडी गोगलगायीसारखी जागची हलेना. मागच्या सीटवर शेठ. मागे वीस ट्रकांचे हॉर्न.

गाडी दोराला बांधून मिलमध्ये आणली. शेठचा साला तिथला मॅनेजर होता. त्यानं गिअरबॉक्सचं तेल बघायची पट्टी ओढली. एरवी त्या तेलाचा रंग कुंकवासारखा लाल. पट्टीवर आलं ते गुलाबी, फेसाळ, दुधात गुलाबाचं सरबत ओतावं तसं.

“आमां पाणी छे!” साला किंचाळला. “रोज पाणी कोण भरतो?”

“मी,” मी म्हणालो. खरं बोललो हीच चूक झाली.

कापडाचा ताका ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळतात ती नळी पोकळ असते असा माझा समज होता. पाठीवर पडल्यावर गेला. गिअरबॉक्समध्ये मी मुद्दाम पाणी ओतलं, हे मी कबूल करावं म्हणून तो मारत होता, आणि शेठ खुर्चीवर बसून म्हणत होते, “पोलिसांत देतो. सुरतेत तुला कोणी स्टिअरिंगला हात लावू देणार नाही.” घरी बायको आणि सहा महिन्यांची पोर. नळीपेक्षा ते वाक्य जास्त लागलं.

तेवढ्यात आप्पांना घेऊन मिलचा माणूस आला. मला वाटलं, आला आपला माणूस! आप्पांनी आल्याआल्या माझ्या कानाखाली वाजवली.

“ओतलं का पाणी?”

“रेडिएटरमध्येच ओतलं, आप्पा. आईशप्पथ.”

दुसऱ्यांदा हात उठला नाही. आप्पा गाडीकडे वळले. गुलाबी तेल बोटांत चोळलं. हुंगलं. “गोड वास येतोय,” म्हणाले, “तेलाला गोड वास नसतो. रेडिएटरच्या पाण्यात घालतात त्या कुलंटला असतो.” मग इंजिन चालू करून एक थेंब तापलेल्या सायलेन्सरवर टाकला. नुसतं तेल असतं तर धूर निघाला असता. हा थेंब तडतड उडाला.

“पाणी शे,” आप्पा म्हणाले. साल्यानं नळी उचलली.

“थांब रे, फौजदार!” आप्पांनी रेडिएटरच्या झाकणावर ओलं बारदान टाकलं, अंग मागे घेऊन झाकण फिरवलं. वाफ गेली. आत पाण्यावर तसलीच गुलाबी साय तरंगत होती.

आप्पा साल्यापुढे जाऊन उभे राहिले. “गिअरबॉक्समध्ये पाणी यानं ओतलं, मान्य. मग रेडिएटरमध्ये तेल तुझ्या बापानं ओतलं का?”

आप्पा गाडीखाली शिरले. गिअरबॉक्समधून दोन बारीक नळ्या निघत होत्या. त्यांच्यावरून बोट फिरवत ते पुढे सरकले. नळ्या थेट रेडिएटरच्या पोटात गेल्या होत्या. गिअरबॉक्सचं तेल आतल्या आत एका पाइपातून फिरून थंड व्हायचं. ट्रकला असलं काही नसतं. बोट तिथे थांबलं ते थांबलंच.

बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता.

“आतला पाइप ॲसिडनं खाल्ला. पाणी तिकडे, तेल इकडे. शेठ, गिअरबॉक्स गेला. आतल्या प्लेटांचं अस्तर सुटलं असणार.” मग म्हणाले, “ॲसिड मी टाकलं. हाई चूक मनी शे.”

साला आनंदानं नळी घेऊन त्यांच्याकडे धावला. आप्पांनी ती हिसकावली, गुडघ्यावर कडकन मोडली. “तुझा नंबर नाही. मार यानं खाल्लाय.” आणि माझ्यापुढे गाल धरला. “मार माले.”

अर्ध्या डिंडोलीनं ज्या संधीसाठी नवस केले असते ती समोर होती, आणि माझा हात उठेना.

“बायल्या,” आप्पा म्हणाले. मग शेठकडे वळून, “याला कामावरून काढलंत तर उद्या मिलच्या फाटकात येऊन बसेन.” शेठनं काढलं नाही.

पण बातमी आमच्या आधी डिंडोलीत पोहोचली होती: यानं शेठची गाडी बुडवली. संध्याकाळी आप्पा प्रत्येक पानाच्या टपरीपुढे थांबले आणि ओरडून सांगितलं, “गाडी मी मारली! यानं नाही!” स्वतःच्या धंद्यावर असा हातोडा मारणारा मिस्त्री मी दुसरा पाहिला नाही.

शेवटी माझ्या घरी आले. बायको भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “आणि यांच्या गालावर ही पाच बोटं कोणाची?”

साल्याचं नाव घेता आलं असतं.

“मनीच,” आप्पा म्हणाले.

ती उठली. डाव्या हातानं डोक्यावरचा पदर सावरला आणि उजव्यानं आप्पांच्या मुस्काटात अशी दिली की शेजारचं पोर रडायला लागलं. आप्पांच्या गालावर पिठाची पाच पांढरी बोटं उमटली.

“आता बसा,” ती म्हणाली. “भाकरी गरम आहे.”

आप्पा बसले. चार भाकरी खाल्ल्या, एकाच बाजूनं चावत.

आप्पा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मयताला सगळी डिंडोली लोटली होती. कोणाला कधी पडली, उजव्या कानाखाली की डाव्या, किती वेळ घुमत होतं, हेच सगळे अभिमानानं सांगत होते. आप्पांवर हात उचलणारं माणूस त्या गर्दीत एकच होतं. ते बायकांच्या घोळक्यात बसून हुंदके देत होतं, आणि घरी आणेपर्यंत मला ते आवरेना.