खुर्चीच्या पोटातला इतिहास

कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ते ती उलटी करून पाहत. मग ती चहाच्या टपरीवरची असो, लग्नाच्या मांडवातली असो, की आमच्या साहेबांच्या केबिनमधली. साहेब एकदा त्यांना "बसा" म्हणाले, तर यांनी खुर्ची उचलून तिचे पाय छताकडे केले, एका स्क्रूवर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "मी बसतो. पण तुमची खुर्ची हिच्याच जोडीची आहे. तिच्यात मागे रेलू नका."

तुमच्यापैकी ज्यांनी नाशिकच्या त्या जुन्या नाट्यगृहात नाटके पाहिली आहेत, त्यांना ते नक्की दिसले असतील. पांढरा पायजमा, कानावर सुताराची चपटी पेन्सिल, ओठांत दोन-चार बारीक खिळे. प्रयोग चालू असताना ते शेवटच्या रांगेमागे उभे राहत आणि रंगमंचाकडे न पाहता प्रेक्षकांच्या पाठींकडे पाहत. नाट्यगृह उघडल्यापासून तिथल्या खुर्च्या दुरुस्त करणे हे त्यांचे काम.

मी सायखेड्याच्या शाळेत शिकले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. नाट्यगृहाच्या कार्यालयात मला कंत्राटी नोकरी लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला 'मॅडम' कोणी म्हटले असेल तर यांनी. मी संकोचले. म्हटले, काका, नावानेच हाक मारा.

"वडिलांनी शिकवलंय ना एवढं? मग ऐकून घ्यायची सवय करा."

नाटक चांगले झाले की नाही, हे ते दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या रांगा तपासून सांगत. "खुर्चीला विचारा," हे त्यांचे पालुपद होते. विनोदी नाटक रंगले की पाठी सैल होतात, कारण माणूस हसताना मागे रेलतो. रडवणाऱ्या नाटकात खुर्चीच्या हातांवरचे रेक्झीन नखांनी कुरतडले जाते. नाटक पडले तर काहीच मोडत नाही. एकदा एका नाटकाची वर्तमानपत्रात भरभरून स्तुती आली होती. मी ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकली. "असेल," म्हणाले, "आमच्या खुर्च्या काही बोलल्या नाहीत बुवा."

पुढे नाट्यगृहाच्या नूतनीकरणाचे ठरले. प्रवेशदालनात लावायच्या फलकासाठी नाट्यगृहाचा इतिहास लिहायचे काम साहेबांनी मला दिले. माझे लिखाण शहरातल्या भिंतीवर लागणार, याचे मला किती अप्रूप वाटले ते सांगता येत नाही. पण जुन्या फायली गळक्या खोलीत राहून त्यांचा लगदा झाला होता. हाती लागली ती कोनशिला आणि हारतुऱ्यांचे काही फोटो. त्यावरून मी आठ ओळी लिहिल्या. वाचून पाहिल्या तर त्यांत नुसते पाहुणे होते. नाटक पाहायला आलेला माणूस एकही नव्हता.

ते वाचून दाखवायला मी काकांकडे गेले. ते एका रांगेत एकटेच बसले होते. जुन्या खुर्च्या भंगारात जाणार होत्या, आठवड्याने ट्रक येणार होता. माझ्या आठ ओळी त्यांनी ऐकल्या. मग शेजारच्या खुर्चीची बैठक सोडवली, तिचे खालचे कापड उचकटले आणि आतली फळी माझ्यापुढे धरली. तिच्यावर पेन्सिलीने लिहिले होते : 'पाठ गेली. हशा. दुसरा अंक.' त्याखाली, नंतर कधीतरी : 'स्प्रिंग तुटली. शाळेचे स्नेहसंमेलन. एकीवर तिघे.'

"सगळ्या खुर्च्यांत असं आहे?"

"मोडल्या त्यांत आहे. न मोडलेल्या खुर्चीचं काय लिहायचं?"

इतक्या वर्षांत हे कोणाला दाखवले कसे नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, "कोणी वाकलंच नाही." ते हसत हसतच बोलले, पण फळी परत बसवताना त्यांना स्क्रूचे भोक सापडेना.

ट्रक येईपर्यंत आम्ही खुर्च्या उघडत राहिलो. ते कापड उचकटत, मी वहीत उतरवून घेई. 'हात कुरतडले, तेरा. शेवटचा प्रवेश.' 'घोषणा. चार पाठी. नाटक नव्हते, सभा होती.' 'दिवे गेले. कंदिलावर प्रयोग. कोणी उठले नाही.' एकलहऱ्याचे वीजकेंद्र उशाला असूनही तेव्हा दिवे जात, एवढी माहिती त्यांनी तोंडी पुरवली.

चौथ्या दिवशी एक फळी निघाली : 'उजवा हात मुळापासून उखडला. कॉलेजची वक्तृत्व स्पर्धा. बाप असावा.'

बाप कशावरून, असे मी विचारले. "इतर लोक कुरतडतात, मॅडम. उपटतो तो बापच."

कॉलेजात असताना त्या रंगमंचावर मी एकदा बोलले होते. द्राक्षबागेची फवारणी टाकून वडील एसटीने आले होते. भाषण करताना मध्येच माझे शब्द हरवले आणि बऱ्याच वेळाने सापडले. मी तिथूनच वडिलांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि विचारले.

"तू मधीच थांबली व्हती ना," ते म्हणाले. "तवा त्यो हातातच आला. मी तसाच ठिवून दिला, कुणाला बोललो नाय." मग त्यांनीच विचारले, "नीट बसवला का पुन्हा त्यांनी?"

काका माझ्या फोनकडे वाकून मोठ्याने म्हणाले, "त्याच दिवशी बसवला, दादा. काळजी नको."

वही घेऊन आम्ही दोघे साहेबांकडे गेलो. मोडक्या फळ्यांचा कसला इतिहास, असे साहेबांचे म्हणणे. त्यांनी नाराजीनेच पाने चाळायला घेतली. सभेच्या चार पाठींपाशी आले आणि एकदम हसले. हसता हसता मागे रेलले. खुर्चीने कट्ट आवाज केला आणि साहेबांनी टेबलाची कड धरली.

"सांगितलं होतं," काका म्हणाले, आणि कानावरची पेन्सिल काढली.

साहेबांनी लोखंड भंगारात आणि फळ्या भिंतीवर, असा हुकूम दिला.

नाट्यगृह पुन्हा उघडले तेव्हा माझे वडील आले होते. दालनातल्या भिंतीवर त्यांनी आपली फळी शोधली आणि तिच्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले. काकांनी भिंतीकडे पाहिलेही नाही. ते थेट आत गेले आणि एका नव्या खुर्चीची पाठ दाबून पाहिली. "कोऱ्या आहेत," म्हणाले. "अजून काही ऐकलं नाही यांनी. ऐकतील."

गेल्या थंडीत काका गेले.

मागच्या महिन्यात एका विनोदी नाटकाला मधल्या रांगेतल्या एका नव्या खुर्चीची पाठ निखळली. पुरवठादाराचा माणूस आला, त्याने बैठकीचे झाकण काढले, काम केले. झाकण लावणार तेवढ्यात मी त्याला थांबवले. नव्या खुर्चीच्या पोटात फळी नाही, प्लास्टिक आहे. त्यावर पेन्सिल उमटेना. कार्यालयातून मार्कर आणला, साडी सावरून गुडघे टेकले आणि लिहिले : 'पाठ गेली. हशा. पहिलाच अंक.'

"मॅडम, हे आत कोणाला दिसणार?" त्याने विचारले.

मी म्हटले, झाकण लावा. मग त्या खुर्चीवर बसले आणि चांगले मागे रेलून पाहिले.