मोंढ्यावरचं छत

"ओ साहेब, ते वरचं खाली सोडा ना! काय बघून राहिले?"

अडत्या ओरडत होता. ढग डोक्यावर आले होते आणि मोंढ्याच्या बाजारात लिलावाला आणलेली शेतकऱ्यांची हळद उघड्यावर पडली होती. ताडपत्र्या निम्म्या ढिगांनाही पुरेनात. वर मात्र आमचं छत होतं. कुरुंदा गावच्या बायकांच्या वाकळा, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, एकमेकींना जोडून लिलावाच्या मैदानावर ताणल्या होत्या.

मी आर्ट इव्हेंटचा प्रोड्युसर. कल्पना चित्रकाराची, परवानग्या, दोर, माणसं आणि शिव्या माझ्याकडे. एवढं कापड वर टांगायचं, त्याला रिगिंग म्हणतात. वाऱ्यानं फाटलं तर खाली माणसं असतात. म्हणून प्रत्येक जोडाला नायलॉनची दुहेरी शिवण मीच घ्यायला लावली होती.

मधोमध कौसामावशींची वाकळ होती. त्यांची लेक बाळंतपणात गेली, तिच्या साड्यांची. बाकी सगळ्या आम्ही धुऊन घेतल्या होत्या. मावशी म्हणाल्या होत्या, "माझी धुवायची न्हाई. लेकराचा वास हाय तिच्यात."

"थेंबसुद्धा लागू देणार नाही," मी छातीठोकपणे सांगितलं होतं. भर उन्हाळा. पाणी येणार कुठून!

चित्रकाराचा फोन आला. "खाली घेऊ नका हं, संध्याकाळी उद्घाटन आहे."

"मग तुम्ही येऊन हळद झाका," म्हणालो आणि फोन ठेवला.

दोर सैल करायला सांगितले. छत हाताला येईल इतकं उतरलं, तशी मावशींनी माझी बाही धरली. रोज छताखाली येऊन बसायच्या, त्या दिवशीही होत्या.

"भाऊ, माझी तेवढी काढून द्या. बाकीच्या घ्या."

मी सुरी घेतली आणि उसवायला लागलो. नायलॉन तुटता तुटेना. वीतभर शिवण सुटली असेल, तेवढ्यात टपोरे थेंब पडायला लागले.

"काहून थांबले? आमचं वरीस चाललं ना पाण्यात!" एक शेतकरी रडकुंडीला येऊन म्हणाला.

मी मावशींकडे बघितलं नाही. "सोडा," म्हणालो.

छत ढिगांवर पडलं. पण कापडच ते! पाणी पिऊन घेतलं आणि खाली सोडलं. हळद भिजली, वाकळाही भिजल्या. काही म्हणजे काही वाचलं नाही. आजही आठवलं की स्वतःचीच चीड येते.

पाऊस थांबल्यावर मावशींची वाकळ सोडवून दिली. पिवळीजर्द झाली होती, निथळत होती. त्यांनी तिच्यात तोंड खुपसलं.

"हळदीचाच वास येऊन राहिला," म्हणाल्या.

मी हात जोडले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ओली वाकळ खांद्यावर टाकून कुरुंद्याच्या गाडीकडे गेल्या.

आता कुठलंही काम टांगताना मी प्रत्येक जोडाला ओढली की सुटणारी गाठ ठेवतो. कौसामावशींना त्याचा काय उपयोग!