मोठा टर्बो घे, असं मीच म्हणालो

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला मी दाढदुखीपासून दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या अकलेपर्यंत सगळं सांगतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही विलासला ओळखत नाही, केतकीला ओळखत नाही, म्हणून असेल. बसा. फक्त मध्ये बोलू नका, नाहीतर मी विषय बदलेन. ते मला फार छान जमतं.

नाना पेठेत माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तीस वर्षं त्याच काउंटरमागे उभा आहे. कुठल्या गाडीला काय बसतं आणि काय बसत नाही, हे लोक मला विचारायला येतात आणि मी सांगितलं की वाद संपतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या अज्ञानातून झालं असं तुम्हाला वाटायला नको. तसं वाटलं तर मला बरं वाटेल, आणि तेच नको आहे.

विलास माझा मित्र. मांजरी गावचा. आधी ऊस होता, आता गुलाबांची नर्सरी आहे. आमची दोस्ती त्याच्या जुन्या जीपमुळे झाली. रविवारी पहाटे निघायचं, खडकवासल्याच्या पलीकडे डोंगरात जायचं आणि जिथे रस्ता नाही तिथे गाडी चढवायची. तो चालवायचा, मी शेजारी. चढ अवघड आला की मी उतरायचो, गाडीपुढे उलटा चालत बोटांनी दाखवायचो — थोडं उजवीकडे, अजून, बस. विलास दगडांकडे बघायचाच नाही, माझ्या हातांकडे बघायचा. अठरा वर्षं असं चाललं. कुणी आपल्या हातांवर इतका विश्वास ठेवतो तेव्हा माणसाला काय वाटतं, कसं सांगू?

मग जीप थकली आणि विलासने साइड-बाय-साइड घेतली. म्हणजे शेजारीशेजारी दोन सीटची उघडी गाडी, डोक्यावर लोखंडी पाइपांचा पिंजरा, फक्त दगडधोंड्यांत पळवायची. टेम्पोत घालून डोंगराच्या पायथ्याशी न्यावी लागते. मी पेढे नेले, हार घातला, नारळ फोडला. आणि बसायला म्हणून पाय उचलला तर सीटवर त्याची मुलगी केतकी, पट्टा लावून तयार. "काका, पहिला राउंड माझा हं!"

पहिला राउंड. ठीक आहे. दुसराही तिचाच झाला. तिसऱ्या रविवारी ती चालवत होती आणि विलास शेजारी. आणि मी? मी टेम्पोत, पाण्याचे कॅन सांभाळत.

हसू येतंय ना? येऊ दे. छप्पन्न वर्षांचा घोडा सव्वीस वर्षांच्या पोरीवर जळत होता. जरा बरा शब्द शोधला, नाही सापडला — जळतच होतो. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मनात म्हणायचो. आणि ती पोर, मला ॲसिडिटी आहे हे लक्षात ठेवून, माझ्यासाठी वेगळ्या डब्यात कमी तिखटाची भाजी आणायची. ती मी खायचो. जळत जळत खायचो.

बरं, तिला गाडी येत नसती तर गोष्ट वेगळी. पण ती सुरेख चालवायची. हिंजवडीला दिवसभर संगणकापुढे बसणारी मुलगी, पण कुठल्या दगडावर चाक ठेवायचं हे तिला आपोआप कळायचं. एकदा मी सवयीने पुढे होऊन हात वर केले तर म्हणाली, "काका, दिसतंय मला, उन्हात कशाला उभे राहता?" काळजीने म्हणाली हो. पण मी ते हात खाली घेतले ना, तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. माझा मुलगा बंगलोरला असतो, गुणी आहे, आठवड्याला फोन करून माझं बीपी विचारतो. गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हे त्याला माहीत नाही. इकडे विलास सांगायचा, "केतकीने काल तेल स्वतः बदललं," आणि मी "वा!" म्हणायचो. किती वेळा "वा" म्हणायचं माणसाने?

तर — टर्बो.

चढावर गाडी जरा कमी पडत होती, म्हणून टर्बोचं किट मागवायचं ठरलं. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, ताकद वाढते. दोन किटं नजरेत होती. एक लहान — ताकद बेताची, पण ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की लगेच. दुसरं मोठं — ताकद दांडगी, पण आळशी. आधी काहीच नाही, काहीच नाही, आणि मग एकदम सगळं. सपाट माळावर सुसाट जायचं असेल तर मोठं घ्यावं. दगडांतून फूटफूट चढायचं असेल तर लहान. हे माझ्या दुकानात झोपणाऱ्या मांजरालाही कळतं.

एका शनिवारी केतकी दुकानात आली. दोन्ही किटांचे आलेख काढून आणले होते, खाली स्वच्छ अक्षरात टिपणं. "मला लहानच बरोबर वाटतंय, पण तुम्ही एकदा नजर घाला ना, काका. बाबा शेवटी तुमचंच ऐकणार." मी चहा सांगितला. ती गेल्यावर तो कागद तीनदा वाचला. कशासाठी? एखादी चूक सापडावी म्हणून. सापडली नाही. टर्बो लावल्यावर इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा पट्टा घसरू नये म्हणून काय बदलायचं, तेही तिने लिहिलं होतं — माझ्याही डोक्यात तोवर आलं नव्हतं. "बरोबर आहे", एवढं म्हणायला किती वेळ लागतो हो? मी तिला फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी विलासच्या नर्सरीत आम्ही सगळे जमलो. डोंगरात गाड्या चढवणाऱ्या आमच्या ग्रुपमधले चारपाच जण होते. विलासने विचारलं, "सुधाकर, तू बोल. कुठलं?"

आणि मी बोललो. "हत्तीएवढी गाडी आणि पिचकारीएवढा टर्बो? लोक हसतील, विलास. मोठा घे."

सगळे हसले. केतकी म्हणाली, "पण काका, चढावर इंजिन हळू फिरत असताना—" आणि मी तिला तोडलं. "बाळा, कागदावर डोंगर चढता येत नाही." पुन्हा हशा. पुण्यात माणूस चुकीचा असला तरी चालतो, टोमणा बरोबर बसला पाहिजे. विलास म्हणाला, "काका सांगतायत ना, मग मोठाच." तिने माझ्याकडे एकदा पाहिलं — कागद तुम्ही वाचलात ना, असं. मी चहाच्या कपात बघत राहिलो. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार दिवसांनी फार बरं वाटलं.

मला काय हवं होतं? तिची फजिती. गाडी चढावर अडकावी, चारचौघांत तिचं तोंड उतरावं, आणि विलासने हाक मारावी — सुधाकर, तू ये रे बसायला. गाडी उलटावी असं मी कधीच मनात आणलं नाही. पण आळशी टर्बो खड्या चढावर काय करू शकतो, हे मला माहीत नव्हतं का? होतं. मग मनात आणलं नाही, याला काय अर्थ आहे?

थंडीत आमच्या ग्रुपची चढाई होती. केतकी चालवत होती, विलास शेजारी. मी अर्ध्या चढावर उभा होतो, आवाज ऐकत. तिने पाय दाबला — गाडी नुसती गुरगुरली. मागे घसरायला लागली. तिने आणखी दाबला. कुणीही दाबला असता, मीही. आणि मग ते एकदम आलं. पुढची चाकं हवेत, गाडी तिरकी, आणि विलासच्या बाजूला आडवी. पिंजऱ्याने दोघांना वाचवलं. पण विलासचा हात आधारासाठी सवयीने बाहेर गेला होता आणि मनगट पाइपखाली आलं. केतकी पट्ट्यात लटकून "बाबा, बाबा" ओरडत होती. आम्ही सहा जणांनी गाडी उचलली.

"पोरीने रेस जास्त दिली," मागून कुणीतरी म्हणालं. बस. तेवढंच पुरलं. पाच मिनिटांत ते सगळ्यांचं मत झालं. खरं काय ते सांगू शकणारा तिथे एकच माणूस होता, आणि तो मूग गिळून विलासच्या हाताला रुमाल बांधत होता.

मनगट जुळलं. विलास आता पुन्हा गुलाबांना डोळे भरतो, म्हणजे कलमं बांधतो, थोडा हळू, एवढंच. पण केतकीने त्यानंतर स्टिअरिंगला हात लावलेला नाही. ती गाडी नाही, घरची गाडी नाही, स्कूटरसुद्धा नाही. कंपनीच्या बसने जाते, येते. विलास तिला म्हणतो, "नको चालवूस बाळा, काही अडत नाही." प्रेमानेच म्हणतो. ती मान हलवते. रविवारी झोपून राहते म्हणे. पहाटे पाचला सगळ्यांच्या आधी तयार असणारी मुलगी.

आणि मी काय केलं, ऐका. विलासला म्हणालो, आता तुझा हात असा, जरा सोपं किट लावू. लहान मागवलं. किटचा नंबर मी केतकीच्या त्याच कागदावरून उतरवून घेतला. गाडी त्याच चढावर अशी गेली की बघत राहावं. लोकांनी माझी पाठ थोपटली — "सुधाकरराव, निवड म्हणजे निवड!" मी हसलो. शेजारच्या सीटवर बसून हसलो, कारण विलास मला आता तिथेच बसवतो.

इथे थांबलो असतो तर तुम्ही मला मत्सरी म्हणाला असता आणि सोडून दिलं असतं. मत्सर काय, सगळ्यांनाच होतो. पण मागच्या महिन्यात केतकी दुकानात आली. एकटीच. काउंटरवरचे नटबोल्टचे डबे एका ओळीत लावले. मग म्हणाली, "काका, तुम्ही ते मोठं किट योग्यच निवडलं होतं. मलाच ते चालवता आलं नाही. आणि मी सगळ्यांसमोर तुम्हाला उलट बोलले होते. तरी माझ्याबद्दल तुम्ही बाबांना एका शब्दानेही कधी काही म्हणाला नाहीत. मला माहितीये."

तिचा कागद माझ्या खणात होता. हाताच्या अंतरावर. मी खण उघडला नाही.

ती वाकली आणि माझ्या पायांना हात लावला. आणि मी — तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे बाळा," म्हणालो, "होतं असं."

मी तिला माफ केलं.