खातकुडातल्या गोळ्या

सुलोचनाबाईंना स्वच्छतेचं भारी वेड. दवनीवाड्याच्या पलीकडच्या आमच्या गावात त्या उपकेंद्राच्या नर्स म्हणून आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी सरपंचाला तोंडावर सुनावलं, की पिचकाऱ्या मारायच्या तर घरी जाऊन मारा. मी गावच्या शाळेत मास्तर, घर त्यांच्या शेजारी. त्यांचा आवाज मला भिंतीतूनही ऐकू यायचा.

मुदत संपलेलं एकही औषध त्यांच्या कपाटात टिकत नसे. दरवर्षी मार्चमध्ये त्या फतकल मारून बसत, गोळ्या पाकिटांतून सोडवत, बाटल्या बादलीत ओतत आणि सगळं उपकेंद्रामागच्या यादोराव शेतकऱ्याच्या खातकुडात, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, टाकून येत. रस्त्यावर फेकलं तर पोरं उचलतील, शेणात पडलं की कुजून माती होईल, असा त्यांचा हिशेब. साऱ्या मोहल्ल्याचा केरकचरा तिथेच कुजायचा, मग औषध काय असं मोठं लागून गेलं! कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

२००९च्या मे महिन्यात त्या गोंदियाला प्रशिक्षणाला गेल्या आणि चेहरा पाडून परतल्या. औषध मातीत टाकलं म्हणजे संपत नाही, ते पाण्यात उतरू शकतं, गुरांच्या पोटात जाऊ शकतं. जुना साठा आरोग्य केंद्रात परत करायचा, असं तिथे सांगितलं होतं. आणि इकडे यादोराव खातकूड उपसून बैलबंडी भरत होता. ते खत धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, जाणार होतं.

"मास्तर, सांगू की नको?" त्यांनी मला विचारलं. "सांगितलं तर माझ्या हातची सुई कोण घेईल?"

पोरांना लस टोचून घ्यायची सवय गावाला लावताना त्यांनी किती उंबरे झिजवले, ते मी पाहिलं होतं. मी आपला सावध माणूस. गप्प बसा म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला.

त्या तडक खड्ड्याकडे गेल्या.

"यादोरावभाऊ, थांबा. यात मी जुनी औषधं टाकलीत. हे खत शेतात नेऊ नका."

यादोराव भडकला. "सालभराचं खत होय बाई! आता सांगून राहिल्या? पयले काऊन नाही सांगतलं?"

"मलाच आता कळलं."

त्याने भरलेली बंडी तिथेच उलटी केली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की नर्सबाई शेणात विष टाकते.

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी दुपारपर्यंत उपकेंद्रात एकही बाई फिरकली नाही. सुलोचनाबाई लसींचा डबा घेऊन बसून होत्या, जेवल्याही नाहीत. त्यांच्याकडे पाहून माझा जीव तुटत होता.

मग यादोरावची बायको रुक्माबाई आली. कडेवर नात, पदराला गाठ.

"हिले सुई द्या," ती टेकत म्हणाली.

"यादोरावभाऊंना चालेल?"

"त्यायचं मी पाहून घेईन. जे बाई आपली चूक तोंडावर सांगते, ते माह्या नातनीले वाईट काऊन टोचन?"

नातीला सुई टोचून झाली, तिचं रडंही थांबलं. मग रुक्माबाईने गाठ सोडली. आत तापाच्या, खोकल्याच्या जुन्या गोळ्या होत्या.

"घरातल्या उरल्यासुरल्या आमीबी खातकुडातच टाकत होतो, बाई. तुमी टाकता, मंग ते चांगलंच असन, असं समजलो. साऱ्या मोहल्ल्यानं तसंच केलं. आता ह्या कुठी टाकू, सांगा."

उत्तर सुलोचनाबाईंना पाठ होतं. गावाच्या शिव्या त्यांनी निमूट गिळल्या होत्या. त्यांनी ओंजळ पुढे केली, आणि गोळ्या हातात पडल्या तशा त्या ढसाढसा रडल्या.