गंगेत न गेलेली कादंबरी

वेखंडाचा वास आला की मला गंगेवरच्या ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या आठवतात. आमचे हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी एका सुखी नगराची कादंबरी लिहिली, ती कुणी छापली नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते गेले, तेव्हा मी ती कसर लागू नये म्हणून वेखंड घालून, पोथीसारखी लाल फडक्यात बांधली. दीर जीर्ण पोथ्या गंगेत सोडायला निघाले आणि पोथी समजून तीही घेऊन गेले. मी त्यांना पायऱ्यांवर गाठलं.

"भावजी, ती यांची कादंबरी आहे. द्या इकडे."

"छापणार कोण, वहिनी? गंगामैयालाच देऊ."

"गंगामैया वाचणार आहे का?"

"मग तुम्ही वाचणार? चौथी पास?"

"वाचली. त्या नगरात पुरुष रोज रांधतात. लिहिणाऱ्याने जन्मात चहा केला नाही."

मी गठ्ठा ओढून घेतला. तेव्हा वाटलं, नवऱ्याची वस्तू वाचवली. आता कळतं, तसं नगर मलाच हवं होतं. अजून हवं आहे.