सोडा म्हनले भाऊजी

दोर माझ्या हातात व्हता आन् दोराच्या त्या टोकाला भाऊजी, छातीएवढ्या पान्यात, आन् पानी असं की मागनं कुनी ट्रॅक्टर लावून ढकलतंय. माझे पाय वाळूत घसरत व्हते. मागं माझी परी रडत व्हती, ती पान्याकडं यील का काय म्हनून म्या एकदा मागं बघायची आन् एकदा भाऊजीकडं. म्या वरडत व्हते पन माझंच वरडनं मला ऐकू यीना, एवढा त्या नदीचा आवाज. आन् तवा भाऊजींनी मान वर केली आन् समदा जोर लावून म्हनले, "वैनी, सोडा."

एवढंच म्हनले. म्होरं काय न्हाय.

जरा दम खाते, न्हायतर तुमाला काय कळायचं न्हाय. भाऊजी म्हंजी माझे धाकटे दीर. आमचं गाव जळकोटच्या अलीकडं, हायवेपासनं आत. गावात त्यांना समदे टूब्या म्हनायचे. हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानातनं ट्रकाची फाटकी टूब मागून आनायची, ठिगळं मारायची आन् हिरीत टाकून वर बसून ऱ्हायचं, हे त्यांचं लहानपन. शाळंच्या टायमाला मास्तर हिरीवर यायचे आन् वरनंच हजरी घ्यायचे, म्हने. भाऊजी खालनं म्हनायचे, "हजर हाय गुरुजी, पन वल्ला हाय."

मंग मोठं झाल्यावर एका ट्रकावर किन्नर म्हनून गेले. ट्रक हिमाचलात बंद पडला, ड्रायवर सामान आनाया गेला आन् हे नदीच्या काठाला बसून बघत ऱ्हायले. तिथं मोठ्या रबरी होड्या, त्यात शहरातली मान्सं टोपी घालून, जाकीट घालून बसत्यात आन् उसळत्या पान्यातनं खाली जात्यात, वरडत्यात, हासत्यात, आन् मागं एकजन वल्हं घेऊन होडी संबाळतो. भाऊजींनी घरी फोन केला, "आये, हितं माझ्या टूबीवर बसाया लोकं पैशे देत्यात." ट्रक दुरुस्त झाला तरी हे काय आले न्हाईत.

दुसऱ्या उन्हाळ्याला त्यांनी आमाला बोलवून घेतलं. हे, म्हंजी परीचे पप्पा, होड्या वर न्यायची जीप चालवायचे. म्या होडीवाल्यांच्या काठावरच्या क्याम्पावर सैपाक करायची. परी चालाया शिकली ती तिथंच, त्या काठाला. भाऊजी होडीवरचे उस्ताद झाले व्हते तवर. दिल्लीची, चंदीगडची मान्सं त्यांना "सर, सर" करायची आन् भाऊजी त्यांना आपल्याच हिंदीत दम द्यायचे. वल्हं मारायला सुस्ती केली की म्हनायचे, "हान भाऊ, हान, भाकर न्हाय खाया क्या?" कुनाला काय कळायचं न्हाय, पन हानायचे समदे.

त्या नदीचं पानी बर्फाचं. सकाळी जरा शान्यावानी असतं. ऊन चढलं की वरचा बर्फ पाघळतो आन् दुपारनंतर नदी फुगती, रंग बदलती, दगडं दिसायचे बंद व्हत्यात. भाऊजी म्हनायचे, "दुपारच्याला नदी पिऊन येती वैनी. पिलेल्याच्या नादी लागायचं न्हाय." दुपारी ते होडी काढायचे न्हाईत. क्याम्पाचा मालक कुरकुरला तरी न्हाय.

आपल्या गावात टँकर आला की घागरीवरनं भांडनं व्हत्यात, आन् हितं एवढं पानी धो धो चाललंय, ह्याचं त्यांना लई वाटायचं. काठाला बसून भाकरी खाता खाता म्हनायचे, "बघा की वैनी, एवढं पानी आन् कुनाचाच नंबर न्हाय." एकदा बाटलीत ते बर्फाचं पानी भरलं आन् रेल्वेनं, एश्टीनं गावाकडं नेलं, आत्याबाईला दावायला. आत्याबाई म्हंजी माझ्या सासूबाई. आत्याबाईनं बाटलीत बोट घातलं आन् म्हनल्या, "व्हय रं, थंड कुटं हाय? हे तर आपल्या रांजनाच्या परीस गरम हाय." भाऊजी म्हनले, "सोलापूरपत्तूर थंड व्हतं आये." आमी लई हासलो. ती बाटली आत्याबाईनं देवापाशी ठेवलीया. आजून हाय.

आता हिरीचं सांगते, ते सांगितल्याबिगर पुढचं सांगता यायचं न्हाय.

माझं माहेर ढोकीकडचं, आमच्या दारात नळ व्हता. लगीन करून आले तवा मला हिरीतनं पानी शेंदायची सवय न्हवती. बादली खाली सोडताना म्या दोर घट्ट धरायची, बोटा-बोटानं खाली जाऊ द्यायची. बादली भितीला आपटायची, निम्मी भरायची. भाऊजी कठड्यावर बसून चिडवायचे, "सोडा वैनी, सोडा. हीर काय बादली खाती का?" सोडा म्हंजी ढिल द्या, दोर जाऊ द्या खाली. आमच्याकडं हिरीवर समदे असंच म्हनत्यात. पन म्या नवीन, घाबरलेली, आन् हे सारखं सोडा सोडा, तर म्या एक दिवस सोडलाच. हातच उघडले. दोर बादलीसकट धाडदिशी हिरीत.

भाऊजी कपड्यासकट उडी मारून गेले आन् डोक्यावर बादली घालून वर आले. हासून हासून त्यांना पायरी चढता यीना. म्हनले, "वैनी, सोडा म्हनलं व्हतं. टाका न्हवतं म्हनलं." मंग घरात कायबी झालं, दुधाची पिशवी कुनाच्या हातनं पडली तरी, भाऊजी म्हनायचे, "वैनीनं सोडली."

क्याम्पावर चुलीच्या शेजारी खुट्टीला एक दोर कायम टांगलेला असायचा, पिशवीत भरलेला, फेकायचा. भाऊजींनी आमाला समद्याला शिकवलेलं, सैपाकवाल्याला बी. पान्यात मानूस दिसला की टोक हातात धरायचं आन् पिशवी त्याच्या म्होरं फेकायची. दोर मनगटाला गुंडाळायचा न्हाय. आन् दोर तुमालाच वढून न्याया लागला तर सोडून द्यायचा, इचार करत बसायचं न्हाय. मला येगळं बसवून सांगितलं व्हतं, "वैनी, तुमच्यामागं लेकरू हाय. ते ध्यानात ठिवा. वढाया लागला की सोडा." दुसरं सांगायचे, पान्यात पडलात तर पाय वर ठिवा, हुबं ऱ्हायचं न्हाय. खाली दगडं, दगडात पाय अडकला की नदी मानसाला वाकवती. हे ते रोज सांगायचे, रोज नव्या मानसाला, तेच शब्द. परीला बी पाठ झालं व्हतं. घमेल्यात बसून ती बाहुलीला म्हनायची, "पाय वल."

त्या दिवशी होडी दुपारची निघाली. येनारी मान्सं वाटेत अडकली, उशिरा आली, त्यांची परतायची गाडी ठरलेली, मालक म्हनला येक फेरी मार. भाऊजी न्हाय म्हनले, परत न्हाय म्हनले, मंग गेले. जाताना चहाचा कप माझ्याकडं देत म्हनले, "वैनी, आज नदी पिलेली हाय आन् आपला मालक बी."

क्याम्पाच्या जरा वर एक मोठा दगड हाय, तिथं होडी उलटी झाली. म्या पीठ मळत व्हते. समदी मान्सं पान्यात, रंगीत टोप्या खाली वाहात चालल्या. हे आन् दुसरा उस्ताद खालच्या अंगाला पळाले त्यांना काढाया, तिथं पानी जरा शांत असतं. एक कालेजची पोरगी तेवढी माझ्या समोर दगडाला चिकटून ऱ्हायली, आन् भाऊजी तिच्यापाशी गेले. तिला काठाकडं ढकलाया जोर लागत व्हता. आन् जोर लावाया भाऊजी हुबे ऱ्हायले.

पाय खाली ठिवला त्यांनी. रोज ज्या गोष्टीला न्हाय म्हनायचे, ते केलं. पोरगी काठाला आली, पडली, वकाया लागली. भाऊजी हालंनात. त्यांनी माझ्याकडं बघितलं आन् मला कळलं की पाय अडकला.

म्या दोर फेकला. पयल्याच खेपंला हातात गेला त्यांच्या. वढला. जेवढा जीव व्हता तेवढा वढला. म्या वढायची तसं त्यांचं तोंड पान्याखाली जायचं, आन् ढिला झाला की जरा वर यायचं, आसं मला आता वाटतं. तवा मला काय दिसत न्हवतं. माझे पाय पान्यात गेले व्हते, पानी आसं की हाडं कापत्यात, परी वाळूवनं माझ्याकडं येत व्हती. आन् भाऊजी म्हनले, "वैनी, सोडा."

म्या सोडला.

भाऊजींचं डोकं खाली गेलं. ते परत वर आलं ते मला दिसलं न्हाय. म्या परीला धरलं व्हतं.

खाली लई लांब सापडले. ह्यांनी सांगितलं की दोर त्यांच्या मुठीत व्हता. पोलिसांनी बोटं एकएक करून उघडली.

आता गावाकडं हावोत आमी. आत्याबाई मला वाईट बोलत न्हाईत. तेच लई जड जातं. सकाळी चुलीम्होरं बसल्या की इचारत्यात, "परत येकदा सांग गं, काय म्हनला?" म्या सांगते, सोडा म्हनले. त्या चुलीत लाकूड सारत्यात. मंग म्हनत्यात, "ढिल दी म्हनला आसंल लेकरू. पाय काढून घ्यायला." आन् थोड्या टायमानं, "पयल्या बारीला हिरीवर बी तसंच केलंतीस तू." आवाज बी वाढवत न्हाईत.

हे म्हनत्यात, "न्हाय आये. त्यानं हिला वाचवली. सोडून द्या म्हनला, लेकरू मागं हाय म्हनून." आत्याबाई म्हनत्यात, "मंग त्यानं दोर का सोडला न्हाय? मुठीत कशाला ऱ्हायला?" हे उठून भाईर जात्यात.

म्या इचार करते, भाऊजींना ठाऊक व्हतं की मला सोडा म्हनलं की म्या हात उघडते. त्यांच्याएवढं कुनाला ठाऊक व्हतं. मंग ठाऊक आसून म्हनले, म्हंजी तसंच म्हनायचं आसंल. आन् लगीच वाटतं, बुडत्या मानसाला कुटली हिरीची आठवन. त्याच्या तोंडात जे लहानपनापासनं व्हतं तेच आलं आसंल. वर हिरीवर कुनीतरी घट्ट दोर धरून हुबं हाय आन् खालनं टूब्या म्हनतोय, सोडा, सोडा.

लाईट गेली की मोटार बंद आसती, मंग हिरीवर जावं लागतं. म्या बादली दोराला बांधते आन् हुबीच ऱ्हाते. आत्याबाई येत्यात, माझ्या हातातनं दोर घेत्यात, आपून शेंदत्यात. परवा परी कठड्यापाशी येऊन आजीला म्हनली, "सोडा, सोडा." कुटनं आठवलं तिला कुनास ठाऊक. आत्याबाईचा हात तिथंच थांबला, बादली अधांतरी.

लोकं येत्यात, बसत्यात, म्हनत्यात व्हायचं ते झालं, तू तरी काय करनार. आसं नका म्हनू मला. तुमी हिरीवर पानी शेंदलेली मान्सं हाव. मला एवढंच सांगा. तुमच्यामागं लेकरू रडतंय, तुमचे पाय पान्यात गेलेत, हातात दोर हाय, आन् त्या टोकाचा मानूस म्हनतो सोडा, तर तुमी काय केलं आसतं?